एक लॅपटॉप जोडला की दुसऱ्याचं वायफाय तुटतंय, कामून?

सेतूवाला_जिंतूर

नमस्कार मंडळी. जिंतूरला माझं सेवा केंद्र आहे. काउंटरवर चार लॅपटॉप चालतात. त्यातले दोन यंदाच घेतले, सेकंडहँड, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. ह्या दोघांचं आपसात जमंना झालंय. एकाचं वायफाय जोडलं की दुसऱ्याचं तुटतंय. दुसऱ्याचं जोडावं तर पहिला खाली. बाकीच्या दोन जुन्या मशीनला काहीच होत नाही.

सध्या पीक विम्याचा सीझन. पोरगं आधार टाकतं, शेतकऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो चष्मा शोधून एकेक आकडा वाचून सांगतो, आणि चौथ्या आकड्याला वायफाय गुल. की फिरून पहिल्यापासून फार्मर आयडी, गट नंबर, पेरा. बाहेर ओट्यावर माणसं सातबारा अन् आठ-अ घेऊन बसायलेत. ३१ जुलैला मुदत संपती.

नेटवाल्यानं राऊटर बदलून दिला, फरक शून्य. लॅपटॉपवाला दुकानदार म्हणतो मशीन ओके आहेत, एकेकटं चालवून बघा. एकेकटं चालतंयच की! दोन्ही संगं चालंनात. कुणाला असं झालंय का?

मांजराथडी

राऊटर बंद करून चालू केला का?

सेतूवाला_जिंतूर

@मांजराथडी, दादा, आमच्याकडं ते काम महावितरण करतंय. दिवसातून कितींदा बंद-चालू होतो त्याला हिशेबच नाही.

ज्वारीची_भाकर

ही भावकी हाय. एकानं दुसऱ्याचा बांध कोरला असंल. आधी सरकारी मोजणी आणा.

वायरमन_मामा

भाकरभाऊ, थट्टा नंतर. जिंतूरकर, राऊटर कुठं ठेवलाय ते सांगा. मी सेवा केंद्रात जातो तेव्हा दहापैकी सात ठिकाणी राऊटर लोखंडी कपाटावर, बाजूला इन्व्हर्टर आणि वर पत्रे. पत्रा आणि कपाट दोन्ही सिग्नल परतवतात. त्याची जागा बदला, भिंतीवर डोक्याच्या वर खिळा ठोकून लावा.

दुसरं, चॅनेल बघा, म्हणजे राऊटर हवेत कोणत्या पट्टीवर बोलतो ते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये आपल्याकडं १ ते १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांत न घुसणारे तीनच धरा : १, ६ आणि ११. बाजारपेठेत शेजारी मोबाइलचं दुकान, वर पतसंस्था, समोर मेडिकल, सगळ्यांचे राऊटर ऑटोवर आणि सगळे ६ वर जाऊन बसलेले. तुम्ही १ किंवा ११ करा. रुंदी ४० मेगाहर्ट्झ असंल तर २० करा.

तिसरं, लॅपटॉपला निळ्या यूएसबीत हार्डडिस्क लावून ठेवता का? यूएसबी ३ ची गडबड बरोबर २.४ च्या पट्ट्यात येते. इंटेलनंच २०१२ मध्ये त्यावर कागद काढला होता. डिस्क लांब वायरीनं बाजूला ठेवा किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या.

गोदाकाठ

मामा, तुमचं म्हणणं एरवी मान्य, पण इथं बसत नाही. सिग्नल खराब असता तर चारही मशीनला कमी-जास्त त्रास झाला असता, नाहीतर जे लांब बसलंय त्याला. 'हा आला की तो जातो, तो आला की हा जातो' हे सिग्नलचं लक्षण नाही. चॅनेलला काय माहीत कोण आलं न् कोण गेलं.

जिंतूरकर, चार गोष्टी बघून सांगा. घाईत उत्तर देऊ नका, खरंच करून बघा.

तुटतं तेव्हा खाली कोपऱ्यातली वायफायची खूणच जाते, का खूण तशीच राहून फक्त साइट उघडत नाहीत?

विंडोज काही बोलतं का, 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' वगैरे? म्हणजे नेटवर्कमधला एकच नंबर (आयपी) दोघांना मिळाल्याची तक्रार.

दोघांपैकी एकाला राऊटरपासून केबल लावली तर?

राऊटर बंद करा, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, दोन्ही त्याला जोडा. तिथंही भांडतात का?

बालाघाटी

एवढा कुटाणा कशाला. चारही लॅपटॉपला स्टॅटिक आयपी द्या, म्हणजे हातानं ठरवलेला कायमचा नंबर, विषय संपला. मी माझ्या सायबर कॅफेत पहिल्यापासून तसंच करतो. १९२.१६८.१.११ पासून एकेक नंबर. कोणाचा कोणाला ताप नाही.

दुधनाकाठ

@बालाघाटी, आणि एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाचा मोबाइल वायफायला जोडला, राऊटरनं त्याला नेमका १९२.१६८.१.१२ दिला, मग? माझ्याकडं सेलूला नेमकं हेच झालं होतं. बिल छापणाऱ्या मशीनला स्टॅटिक १०५ देऊन ठेवला होता आणि राऊटर १०० पासून पुढं वाटत होता. गर्दी वाढली की पाचवा-सहावा माणूस १०५ घेऊन जायचा आणि बिलं बंद. गर्दी नसली की सगळं झकास. त्यामुळं दिवसभर बिघाड शोधायला आलेल्या माणसाला कधी सापडायचाच नाही.

बालाघाटी

मी डीएचसीपी, म्हणजे राऊटरचं आपोआप नंबर वाटणं, बंदच ठेवतो. मोबाइलवाल्यांना वायफाय देत नाही.

दुधनाकाठ

तुम्ही बीडचे, तुम्हाला जमतंय. आमच्याकडं पाव्हणा आला की चहाच्या आधी पासवर्ड मागतो.

पुणेरी_परभणीकर

राहतो पुण्यात, पोटापाण्याचा धंदा नेटवर्किंगचा, म्हणून थोडं सविस्तर.

बालाघाटी आणि दुधनाकाठ जे म्हणतायत तो आयपीचा झगडा. तो ओळखायला सोपा आहे. वायफायची खूण तशीच राहते, जोडणी तुटत नाही, फक्त माहिती येणं-जाणं बंद पडतं किंवा अडखळतं. विंडोज बहुतेक वेळा कोपऱ्यात सूचना देतं. सूचना निसटली तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीम लॉगमध्ये टीसीपीआयपी नावाखाली ४१९९ नंबरची नोंद शोधा. त्यात कोणत्या आयपीवरून आणि कोणत्या हार्डवेअर पत्त्याशी, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख-नंबराशी, भांडण झालं ते छापलेलं असतं. म्हणजे दुसरा पक्ष कोण तेही तिथंच कळतं.

उपाय स्टॅटिक देणं हाच नाही. राऊटरचा वाटपाचा पट्टा १०० ते १९९ ठेवा आणि हातानं दिलेले नंबर त्याच्या बाहेर, २ ते ९९ मध्ये ठेवा. त्याहून बरं म्हणजे राऊटरमध्येच 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' करा. लॅपटॉप ऑटोवर राहतो, नंबर मात्र दरवेळी तोच मिळतो. उद्या लॅपटॉप घरी नेला, दुसऱ्या वायफायला जोडला तरी अडत नाही.

पण जिंतूरकरांची गोष्ट ऐकून मला हा आयपीचा मामला वाटत नाही. गोदाकाठांच्या प्रश्नांची उत्तरं येऊ द्या.

अभ्यासिका_नांदेड

विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. माझी अभ्यासिका आहे, पोरं स्पर्धा परीक्षेची. सकाळी सगळं चालतं. दुपारी चारनंतर जो येईल त्याला वायफाय 'कनेक्टेड, नो इंटरनेट'. आत बसलेल्यांचं मात्र चालू. आलेलं पोरगं मला म्हणतं, सर, आतल्यांनी मला बाहेर काढलं. आयपी बघितला तर १६९.२५४ नं सुरू होणारा काहीतरी दिसतो.

पुणेरी_परभणीकर

@अभ्यासिका_नांदेड, सर, तुमचे नंबर संपले. १६९.२५४ म्हणजे राऊटरनं काहीच दिलं नाही, म्हणून लॅपटॉपनं स्वतःच एक नंबर घेतला. राऊटरमध्ये लीज टाइम, म्हणजे एकाला दिलेला नंबर राखून ठेवायची मुदत, २४ तास असेल. सकाळी येऊन दहाला गेलेल्या पोराचा नंबर उद्या सकाळपर्यंत अडकून पडतो. त्यात एकेकाजवळ मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही. लीज २ तासांवर आणा, पट्टा १०० ते १९९ असेल तर १० ते २५० करा.

अजून एक. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ नंतर, फोन प्रत्येक वायफायला स्वतःचा खरा हार्डवेअर पत्ता न देता बनावट देतो. एखाद्यानं फोन रीसेट केला की राऊटरला तो नवाच माणूस वाटतो आणि आणखी एक नंबर जातो.

अभ्यासिका_नांदेड

लीज २ तास केली. आज संध्याकाळी बघतो. आभारी आहे.

ज्वारीची_भाकर

म्हणजे जागा अडवून ठेवायची सवय पोरांची नाही, राऊटरची हाय. आमच्या अभ्यासिकेत खुर्चीवर रुमाल टाकून जेवायला जायचे.

खडकी_पैठणगेट

मामांच्या पत्र्यावरून आठवलं. आमचं गावाकडचं घर माळवदाचं, पांढऱ्या मातीच्या भिंती, हात-दीड हात जाड. ओसरीत राऊटर, माजघरात शून्य. काकांनी उपाय म्हणून जुना राऊटर माजघरात लावला, केबल ओढून. तेव्हापासून सगळ्या घराचंच नेट अधूनमधून जायला लागलं. एकाचं लागलं की दुसऱ्याचं जातं, जिंतूरकरांसारखंच.

गोदाकाठ

@खडकी_पैठणगेट, तुमच्या घरात दोन वाटपवाले झालेत. दोन्ही राऊटर डीएचसीपी चालू ठेवून बसलेत आणि बहुतेक दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. माजघरातल्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, आणि केबल त्याच्या निळ्या वॅन पोर्टात न घालता पिवळ्या लॅन पोर्टात घाला. तो मग फक्त वायफाय देईल, नंबर वाटायचं काम ओसरीतलाच करेल. आधी पत्ता बदला, मग डीएचसीपी बंद करा. उलटं केलंत तर आत शिरायला हातानं आयपी द्यावा लागतो आणि काका वैतागतात.

वायरमन_मामा

राऊटरचे रंग सगळीकडं निळे-पिवळे नसतात. लिहिलेलं वाचा.

सेतूवाला_जिंतूर

गोदाकाठ दादा, सगळं करून बघितलं. केंद्र बंद झाल्यावर बसलो.

खूणच जाते. गोल पृथ्वीचं चिन्ह येतं, मग थोड्या वेळानं आपोआप परत जोडतं, आणि ते जोडलं की दुसऱ्याचं जातं. दोघांना नुसतं सोडून दिलं, कोणी हात लावला नाही, तरी आळीपाळीनं चालूच.

सूचना कसलीच नाही. पुणेकर सरांनी सांगितलेला ४१९९ पण नाही.

एकाला केबल लावली, तर दोन्ही मस्त चालायलेत. सध्या तसंच चालवायलोय, पण केबल वाटेत येती आणि माणसं अडखळायलेत.

मोबाइल हॉटस्पॉटवर पण तेच. तिथंबी भांडायलेत. म्हणजे राऊटरचा संबंध नाही ना?

बालाघाटी भाऊंचं स्टॅटिक पण करून बघितलं, एकाला ११, एकाला १२. काही फरक नाही.

पुणेरी_परभणीकर

राऊटर सुटला. सिग्नल सुटला. आयपीही सुटला. आता एकच गोष्ट राहते आणि मला ती नव्वद टक्के वाटते. दोन्ही लॅपटॉपवर काळी खिडकी उघडा, म्हणजे स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, आणि आयपीकॉन्फिग /ऑल द्या. बरंच काही येईल. त्यात वायफायवाला भाग शोधा. 'फिजिकल अ‍ॅड्रेस' अशी ओळ असते, दोन-दोन अक्षरांचे सहा गट. तोच मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता. दोन्ही मशीन शेजारी ठेवून ती ओळ ताडून बघा. तो आकडा इथं टाकू नका, फक्त सारखा आहे की वेगळा तेवढं सांगा.

बालाघाटी

मॅक अ‍ॅड्रेस सारखा? हे काय नवीन. मॅक कारखान्यात कोरलेला असतो, जगात दोन सारखे नसतात. हे तर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

पुणेरी_परभणीकर

कोरलेला असतो हे खरं. ४८ बिटांचा आकडा, त्यातला पहिला अर्धा भाग कंपनीचा कोड, उरलेला कंपनी आपल्या मालाला वाटते. एका कोडाखाली १ कोटी ६७ लाखांहून जास्त नंबर बसतात, तेव्हा टंचाई नाही. पण लॅपटॉप हवेत जो पत्ता सांगतो तो कोरलेलाच असतो असं नाही. ड्रायव्हरला 'हा पत्ता सांग' असं सांगता येतं आणि तो मुकाट्यानं तेच सांगतो. मी वर फोनचं सांगितलं ते तरी दुसरं काय आहे.

आता दोन लॅपटॉपनी एकच पत्ता सांगितला की काय होतं ते बघा. राऊटर आपल्या वहीत जोडलेल्यांची नोंद ह्याच पत्त्यानं ठेवतो. पहिला जोडला, नोंद झाली, दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होऊन गुप्त किल्ली ठरली. मग दुसरा आला, तोच पत्ता घेऊन. राऊटरला वाटतं पहिलाच परत आला. त्याच ओळीवर नवी किल्ली लिहिली जाते. पहिल्याकडची किल्ली रद्द. त्याचं बोलणं आता राऊटरला उलगडत नाही आणि राऊटरचं त्याला. तो तुटतो, पण 'आपोआप जोडा' वर टिक असल्यामुळं लगेच परत येतो आणि दुसऱ्याची किल्ली रद्द करतो. हे रात्रभर चालू शकतं.

हॉटस्पॉटवर तेच झालं कारण हॉटस्पॉटही अशीच वही ठेवतो. केबलनं सुटलं कारण केबलचं कार्ड वेगळं, त्याचा पत्ता वेगळा. आणि स्टॅटिक आयपीनं फरक पडला नाही कारण भांडण आयपीच्या खालच्या मजल्यावर आहे. रिझर्व्हेशनही इथं उपयोगाचं नाही, तेही ह्याच पत्त्यावर चालतं.

मास्तरीण_उदगीर

सर, तुमचं वाचून मी खुर्चीतून उठले. आमच्या शाळेला देणगीत जुने संगणक मिळाले, त्यांना वायफाय नव्हतं. मुख्याध्यापकांनी अंगठ्याच्या नखाएवढे यूएसबी डोंगल मागवले, सगळ्यात स्वस्त. एका वेळी एकच संगणक नेटवर राहतो! आम्ही मुलांच्या पाळ्या लावल्यात. नेटवाले म्हणतात तुमचा प्लॅन लहान आहे.

गोदाकाठ

@मास्तरीण_उदगीर, ताई, प्लॅनचा काही संबंध नाही. लहान प्लॅनवर सगळे हळू चालतात, एकमेकांना बाहेर काढत नाहीत. अगदी स्वस्त डोंगलांच्या लॉटमध्ये सगळ्यांना एकच पत्ता भरून पाठवलेला सापडतो. तुम्हीही तीच ओळ सगळ्या संगणकांवर बघा.

ज्वारीची_भाकर

म्हणलं ना भावकी. एकाच सातबाऱ्यावर दोघांचा कब्जा.

सेतूवाला_जिंतूर

मोजणी झाली!! सारखाच आहे. सहाच्या सहा गट. पोराला वाचायला लावलं, मी दुसऱ्यावर बोट ठेवत गेलो, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. सुरुवात ०२ नं होती.

पण ह्या दोन्हीला डोंगल नाही, वायफाय आतलंच आहे. मग सारखा कसा काय आला?

पुणेरी_परभणीकर

सुरुवात ०२ हीच पावती आहे. त्या पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कंपनीनं कोरलेला नसून मागाहून दिलेला असतो. कंपनीच्या पत्त्यात तसं नसतं.

माझा अंदाज असा. हे लॅपटॉप आधी कुठल्यातरी ऑफिसात होते. तिथं एकावर कुणीतरी हातानं पत्ता टाकला असेल, बहुधा ठरावीक मशीनलाच नेट मिळेल अशी व्यवस्था होती म्हणून. पुढं सगळा लॉट दुकानात आला. दुकानदारानं एका मशीनवर विंडोज, ऑफिस, मराठी फाँट वगैरे नीट करून घेतलं आणि त्या डिस्कची कॉपी बाकीच्यांवर मारली. सिसप्रेप, म्हणजे कॉपीआधी मशीनची ओळख पुसायचं विंडोजचं साधन, न वापरता सरळ कॉपी मारली की असल्या सेटिंगही सोबत जातात. मॉडेल एकच, ड्रायव्हर एकच, त्यामुळं ती दुसऱ्यावरही चपखल लागू झाली. तुमचे जुने दोन लॅपटॉप वेगळे म्हणून सुटले.

करायचं असं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडाप्टर्स, वायफायच्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड. यादीत 'नेटवर्क अ‍ॅड्रेस' किंवा 'लोकली अ‍ॅडमिनिस्टर्ड अ‍ॅड्रेस' असं काहीतरी दिसेल. तिथं आकडा भरलेला असेल. तो पुसून 'नॉट प्रेझेंट' वर टिक करा. दोन्ही मशीनवर करा. एकावर केलं तरी आजचं भांडण मिटेल, पण तिसरा त्याच लॉटमधला घेतलात तर परत सुरू. मग वायफाय बंद-चालू करून पुन्हा आयपीकॉन्फिग /ऑल.

यादीत तो पर्याय नसेल तर ते रजिस्ट्रीत आहे. तिथं स्वतः हात घालू नका, मला विचारा.

वायरमन_मामा

आणि सिस्टीम रीस्टार्टच करा, नुसतं वायफाय बंद-चालू करून काही ड्रायव्हर ऐकत नाहीत.

वाळूजचा_लिनक्सवाला

चांगली चर्चा. आमच्याकडं ह्याचा चुलतभाऊ भेटतो. उबुंटू सर्व्हरची व्हर्च्युअल मशीन कॉपी केली की मॅक वेगळा असूनही दोघांना एकच आयपी मिळतो. कारण ती डीएचसीपीला मॅक सांगत नाही, मशीन-आयडीवरून काढलेली ओळख सांगते आणि मशीन-आयडी कॉपीत सोबत आलेला असतो. तो रिकामा करून नवा बनवावा लागतो. नाहीतर नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवर ठेवायची.

मांजराथडी

ह्यातलं मला फक्त चुलतभाऊ कळलं.

सेतूवाला_जिंतूर

झालं! दोन्हीत तो आकडा होता. दोन्हीत पुसला, रीस्टार्ट केलं. आता दोघांची ओळ वेगळी आहे, पहिले तीन गट सारखे अन् पुढचे वेगळे. सकाळपासून दोन्ही वायफायवर आहेत. केबल गुंडाळून ठेवली.

सर, दुकानदाराला काय सांगू? त्यानं त्या लॉटमधले आणखी लॅपटॉप इकडं बऱ्याच केंद्रांना दिलेत.

पुणेरी_परभणीकर

त्याला हा धागा दाखवा. भांडायला जाऊ नका, त्यानं मुद्दाम केलेलं नाही. पण एक गोष्ट मात्र तुम्हाला गंभीरपणे सांगतो. कॉपी मारलेल्या डिस्कवर आधीच्या ऑफिसाची सेटिंग राहिली, म्हणजे आणखी काय काय राहिलं असेल कुणास ठाऊक. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, दुरून चालवायचं एखादं सॉफ्टवेअर, कुणाचं तरी अ‍ॅडमिन खातं. तुमच्या केंद्रात लोकांचं आधार, पासबुक, अंगठा येतो. सीझन संपला की दोन्हीवर विंडोज कोरं टाका. डिस्क पुसून, वरच्यावर नव्हे. तोवर निदान अकाउंटची यादी बघून अनोळखी खातं असेल तर बंद करा.

संगणकाचं नावही दोघांचं एकच असेल, तेही बदलून घ्या. प्रिंटर शेअर करताना तिथं अडेल.

दुधनाकाठ

हे फार महत्त्वाचं बोललात. आमच्याकडं तर डाउनलोड फोल्डरात दोन-दोन वर्षांपूर्वीच्या लोकांचे आधार पडून असतात. कुणी पुसत नाही.

बालाघाटी

पुसायला वेळ कुठाय? ह्या पोर्टलवर चालतंय तवर फॉर्म भरायचा का डाउनलोड साफ करत बसायचं? बोलायला सोपं आहे.

दुधनाकाठ

विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स आहे, डाउनलोडमधलं ठरावीक दिवस न उघडलेलं आपोआप काढतं. एकदा चालू करायचं. वेळ लागत नाही.

बालाघाटी

ते कुठं असतं?

दुधनाकाठ

सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज. डाउनलोडचा पर्याय मुळात 'कधीच नाही' वर असतो, तो ३० दिवस करा. आधी कामाच्या पावत्या दुसरीकडं हलवा, नाहीतर मला शिव्या द्याल.

वायरमन_मामा

सगळं खरं, पण जिंतूरकरांनी राऊटर कुठं ठेवलाय ते अजून सांगितलं नाही.

सेतूवाला_जिंतूर

कपाटावर, मामा. बाजूला इन्व्हर्टर.

अभ्यासिका_नांदेड

माझंही सांगून टाकतो. लीज २ तास केल्यापासून संध्याकाळची तक्रार बंद. आता पोरं म्हणतात स्पीड कमी झाला. सगळ्यांना नेट मिळायलंय म्हणल्यावर व्हणारच की.

मास्तरीण_उदगीर

सगळ्या संगणकांवर बघितलं. सगळ्या डोंगलांचा पत्ता एकच! दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, मॅडम, माल सारखाच येतो. मी म्हटलं, तोच तर त्रास आहे. परत घ्यायला तयार नाही, मुदत संपली म्हणे. आता ह्याचं काय करू? 'नॉट प्रेझेंट' वर तर आधीपासूनच आहे.

गोदाकाठ

ताई, तुमच्याकडं उलटं करायचं. तिथं सारखेपणा डोंगलमध्येच आहे, म्हणून विंडोजकडून वेगळा पत्ता द्यायचा. आधी सोपा रस्ता : विंडोज १० किंवा ११ असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' चालू करा. प्रत्येक संगणक स्वतःचा वेगळा पत्ता घेईल. काही डोंगलांना ते जमत नाही, मग तो पर्याय दिसतच नाही.

मास्तरीण_उदगीर

काहींवर दिसला आणि चालला! त्यांच्यावर विंडोज ११ आहे. उरलेल्यांवर विंडोज ७ आहे, तिथं असं काही नाही.

गोदाकाठ

मग पुणेकर सरांनी सांगितलेल्याच जागी जा, नेटवर्क अ‍ॅड्रेसमध्ये, आणि तिथं स्वतः आकडा भरा. बारा अक्षरं, मधे रेघा नाहीत, ० ते ९ आणि ए ते एफ एवढीच चालतात. सुरुवात ०२ नं करा, विंडोज ७ पासून वायफायला दुसरं अक्षर २, ६, ए, ई सोडून काही दिलं तर ते मानतच नाही. पुढं काहीही चालेल, शेवटचे दोन आकडे संगणकाच्या अनुक्रमांकाप्रमाणं ठेवा, ०१, ०२, ०३. वहीत लिहून ठेवा कुठल्याला काय दिलं. डोंगल एका संगणकातून दुसऱ्यात हलवलं की पुन्हा तपासा.

विंडोज ७ ला मात्र २०२० पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. शाळेचं बँकेचं वगैरे काम त्यावर करू नका.

मास्तरीण_उदगीर

बँकेचं काम क्लार्क भाऊसाहेब स्वतःच्या मोबाइलवर करतात, संगणकाला हात लावत नाहीत. आठवीची पोरं बसवलीत आकडे भरायला, त्यांना मजा येतेय. एकजण विचारतोय, सगळीकडं ०२ नंतर शून्यच शून्य टाकले तर चालेल का?

गोदाकाठ

चालेल. शेवटचे दोन तेवढे वेगळे टाकायला सांगा.